भरल्या गाडीचं माप

आमच्या गल्लीत त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. सगळे मिलीमीटर म्हणतात. नवं गिऱ्हाईक जरा बिचकत विचारतं, "इथे ते मिलीमीटर कुठे बसतात हो?" आणि तोच दुकानातून मान बाहेर काढून "बोला" म्हणतो. त्याला राग येत नाही. उलट कुणी चुकून "शेठ" म्हटलं तर मागे वळून बघतो, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून.

ही गल्ली गाड्यांची. तोंडाशी बॅटरीवाला, पुढे स्पेअर पार्ट्सचं दुकान चालवणाऱ्या वहिनी, समोर डेंटिंग-पेंटिंगवाला रंगारी, मग मी, आणि माझ्या भिंतीला भिंत लावून मिलीमीटर. मी सीटा शिवतो, तो चाकं बसवतो. गाडीत माणूस जिथे टेकतो तेवढं माझं, गाडी रस्त्याला जिथे टेकते तेवढं त्याचं. मधल्या भानगडींशी आम्हा दोघांना काही देणंघेणं नाही.

माझ्या घरात सात माणसं आणि एक बाथरूम. त्यामुळे सकाळी मी दुकानात येतो तो जवळजवळ पळून आलेला असतो. मिलीमीटर दुकानाच्या वरच्याच खोलीत राहतो. जिना उतरला की काम, जिना चढला की घर. संध्याकाळी मी शटर ओढलं की तो विचारतो, "निघालास?" मी निघालेला त्याला समोर दिसत असतो, तरी रोज विचारतो. सुरुवातीला मला वाटायचं, मी लवकर दुकान बंद करतो म्हणून हा टोमणा मारतोय. मीही मग "नाही, झोपतो इथेच" असं काहीतरी फेकायचो. टोमणा नव्हता तो. मी निघालो की सकाळपर्यंत त्याच्याशी बोलायला कुणी नसायचं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला फार वर्षं लागली.

त्याच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोकांना वाटतं चाक म्हणजे गोल असलं की झालं. कुणीतरी मित्राच्या गाडीला रुंद, चकचकीत अलॉय चाकं बघतो आणि इथे येऊन म्हणतो, तसलीच बसवा. मग मिलीमीटर एक रिम जमिनीवर उभी करतो आणि तिच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर खडूने रेघ मारतो. मग रिमच्या पोटातली ती सपाट बैठक दाखवतो, जी बोल्टांनी गाडीच्या हबला आवळली जाते.

"ही बैठक रेघेवर असली तर ऑफसेट शून्य," तो सांगतो. "बैठक रेघेपासून बाहेर, रस्त्याच्या बाजूला जितकी सरकलेली, तितकं अख्खं चाक गाडीच्या आत जातं. आकडा मोठा, चाक आत. आकडा लहान, चाक बाहेर."

"मग बाहेर आलेलं चांगलं दिसतं ना?"

"दिसतं. आणि मडगार्डला घासतं. फार आत गेलं तर आतल्या सस्पेन्शनला घासतं. मधे जेवढी जागा आहे तेवढ्यात राहायचं. रिम एक इंच मोठी घेतली तर टायरचं रबर तेवढं पातळ घ्यायचं, म्हणजे एकूण उंची तीच राहते. नाहीतर वेगाचा काटा खोटं बोलायला लागतो."

एवढं बोलून तो थांबतो, कारण त्याच्या दृष्टीने हे भाषण झालं. त्याचे दोन नियम आहेत. पहिला, चाक बसावं म्हणून गाडीला मारायचं नाही. बाकीच्या दुकानांत चाक घासायला लागलं की हातोडी घेऊन मडगार्डची कड आत वळवतात. हा तसल्या गिऱ्हाइकाला हात जोडतो. रंगाऱ्याचं त्यामुळे बरंच काम बुडालं, पण तोही आता बोलत नाही.

दुसरा नियम मात्र सगळ्या गल्लीला पुरून उरलाय. भरल्या गाडीची ट्रायल घेतल्याशिवाय तो गाडी सोडत नाही. रिकाम्या गाडीचं माप त्याच्या लेखी मापच नाही. माणसं बसली की मागची बाजू खाली जाते, मडगार्ड टायरवर उतरतं, आणि रिकामी असताना जिथे बोट जात होतं तिथे कागदही जात नाही. म्हणून गिऱ्हाइकाला तो सांगतो, जेवढे बसणार तेवढे घेऊन या. आणि लोक आणतात! बायको, मुलं, म्हातारी आई, एकदा तर एकाने नवरी मुलगी बघायला आलेले पाहुणेच आणले. सगळे गाडीत कोंबून बसतात, मिलीमीटर मडगार्डच्या आतल्या कडेला खडू फासतो आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या उंचवट्यावरून न्यायला सांगतो. त्या उंचवट्याखालून पाण्याचा पाईप जातो. गाडी पलीकडे गेली की हा उकिडवा बसून टॉर्चने टायर बघतो. टायरवर पांढरं उमटलं की काम परत.

एखादा म्हणतो, "मी एकटाच चालवतो हो, मागे कुणी बसतच नाही."

"आज एकटे असाल," मिलीमीटर म्हणतो. "गाडी पाच जणांची आहे."

आणि मग तो आम्हाला बोलवायला येतो. विचारत नाही, सरळ हाताला धरतो. शिवणाच्या मशीनवरून मला उठवलंय, गिऱ्हाईक समोर उभं असताना वहिनींना काउंटरमागून बाहेर काढलंय. बॅटरीवाल्याला सगळ्यात आधी, कारण तो एकटा दीड माणसाइतका भरतो आणि ही गोष्ट त्याला कौतुकाची वाटते. अशा किती अनोळखी माणसांच्या गाड्यांत आम्ही चौघं मांडीला मांडी लावून त्या उंचवट्यावरून गेलो असू, काही सांगता येणार नाही. वहिनी म्हणायच्या, "जन्मभर नवऱ्याने कुठे फिरवलं नाही, या मिलीमीटरने फिरवलं. पण पाईपापर्यंतच."

त्याची स्वतःचीही एक गाडी आहे. जुनी, पण धुऊन-पुसून ठेवलेली. बायको गेली तेव्हा त्याची मुलगी शाळेत होती. त्याने तिला एकट्याने वाढवलं. वेण्या घालायला वहिनींकडून शिकला, आणि वहिनींची शपथ, दोन्ही वेण्या कायम सारख्या लांबीच्या असायच्या. मुलगी शिकली, लांबच्या शहरात नोकरीला गेली, तिकडेच लग्न झालं. त्याच वर्षी याने ही वापरलेली गाडी घेतली.

"तुला कशाला रे गाडी?" मी म्हटलं. "जिना उतरलास की दुकान. जिन्यावर चालवणार आहेस?"

"ती लोकं येतील," तो म्हणाला. "स्टेशनवरून घरी आणायला हवं ना. सगळ्यांना एकत्र."

गाडी आली त्याच आठवड्यात मी तिची मागची सीट नव्याने शिवली. मऊ फोम घातला, राखाडी कापड, वर प्लॅस्टिक चढवलं आणि सांगितलं, दोन दिवसांनी काढून टाक. मग नातू झाला. नातू बोलायला लागला, शाळेत गेला. दर सुट्टीच्या आधी फोनवर "पुढच्या वेळी नक्की, बाबा" व्हायचं. वर्षातून एकदा हाच ट्रेनने जाऊन यायचा आणि दोन दिवसांत परत. कसं काय म्हटलं तर "त्यांचं घर छान आहे," एवढंच.

सीट बघून माणूस ओळखणं हा माझा धंदा आहे. कोण कुठल्या कुशीवर कलतो, कुणाच्या घरात लहान मूल आहे, कोण गाडीत बसून रडतं, सगळं कापडावर येतं. मिलीमीटरच्या गाडीत ड्रायव्हरची सीट उजव्या कडेला विरलेली, चढ-उताराने. शेजारच्या सीटवर पान्यांची पेटी, तिला पट्टा लावलेला, कारण ब्रेक मारला की ती पुढे घसरते. आणि मागच्या सीटवर माझं ते प्लॅस्टिक. पिवळं पडलेलं, पण तसंच. ते बघून मला दर वेळी भडकायला व्हायचं. शिवलेल्या सीटवर कुणी बसलं नाही की मला काम फुकट गेल्यासारखं वाटतं. पण हे वाटणं फक्त कामाचं नव्हतं, हेही मला कळत होतं.

आणि मग ती खरंच येणार असं ठरलं. मुलगी, जावई, नातू आणि जावयाची आई. चौघं, आणि हा चालवणारा पाचवा. गाडी बरोबर भरणार होती.

मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. खोलीला रंग दिला. चहाचे कप नवे आणले. एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाला, "ते प्लॅस्टिक काढायचंय." आम्ही दोघांनी मिळून काढलं. खाली माझं कापड काल शिवल्यासारखं होतं. त्याने तळहात फिरवला, म्हणाला, "चांगलं शिवलंयस." इतक्या वर्षांनी! मी म्हटलं, "लवकर बोललास."

इथवर सगळं ठीक होतं. पण एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने जावयाला गाडी दाखवली. जावई मुलगा चांगला आहे, हौशी आहे, सहज बोलून गेला: "बाबा, गाडी मस्तच ठेवलीय. चाकं तेवढी जरा मोठी असती ना!" तो बोलला आणि विसरला. मिलीमीटर विसरला नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांना चाकं बसवण्यात केस पांढरे केलेल्या माणसाच्या स्वतःच्या गाडीला बारकी चाकं, तीही विहीणबाईंसमोर!

त्याने नवी चाकं मागवली. त्या जुन्या मॉडेलच्या बोल्टांचं माप आता कुणी ठेवत नाही, त्यामुळे यायला महिना लागला. दोन इंच मोठी, एक इंच जास्त रुंद, आणि ऑफसेट दहाने कमी. म्हणजे रुंदीचा अर्धा इंच आणि हे दहा मिलीमीटर मिळून चाक जवळजवळ तेवीस मिलीमीटर बाहेर येणार. त्याने माप घेतलं, कागदावर मांडलं, पुन्हा मांडलं. जुनी चाकं रंगाऱ्याच्या साडूला देऊन टाकली, त्याच्याकडे हेच मॉडेल होतं. नवी बसली तेव्हा खरंच सांगतो, गाडी अशी उभी राहिली की रंगारीही ब्रश हातात घेऊन बघत राहिला.

"ट्रायल कधी?" मी विचारलं.

"झाली."

"झाली? आम्ही कुठे होतो मग?"

"हिशोब केलाय," तो म्हणाला. "भार धरून केलाय. बसतंय."

मी कापड कापत होतो, मान खाली घालून पुढचा तुकडा घेतला.

ती लोकं दुपारच्या गाडीने येणार होती. आम्ही सगळे काही ना काही निमित्त काढून दुकानाच्या दारात उभे होतो. वहिनींनी तर केस नीट केले होते. आधी गल्लीत एक टॅक्सी शिरली. तिच्यातून मुलगी उतरली, मग जावई, नातू, आणि एक उंच, शांत चेहऱ्याच्या बाई. टॅक्सीच्या मागून मिलीमीटरची गाडी आली. उंचवट्यावरून अगदी अलगद आली, कसला आवाज नाही. तो एकटाच चालवत होता. मागच्या सीटवर तीन बॅगा बसल्या होत्या.

काय झालं ते मला त्याने पुढे तुकड्या-तुकड्याने सांगितलं. स्टेशनवर सगळे बसले. पान्यांची पेटी त्याने घरीच ठेवली होती, तिथे जावई बसला. मागे मुलगी, विहीणबाई आणि मधे नातू. स्टेशनाबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून करकर आवाज आला. नातू ओरडला, "आजोबा, गाडीला लागलं!" सगळे हसले. हाही हसला. दुसऱ्या स्पीडब्रेकरला आवाज मोठा झाला आणि जळक्या रबराचा वास आत आला. विहीणबाईंनी वरची कडी धरली. त्याने गाडी बाजूला घेतली. जावई खाली उतरून वाकला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "बाबा, ऑफसेट थोडा चुकलाय वाटतं. होतं असं. मी व्हिडिओत बघितलंय."

कागदावरचा हिशोब चुकला नव्हता. गाडी थकलेली होती. आधीचा मालक तिच्यातून कापडाचे गठ्ठे वाहायचा, त्यात मागच्या स्प्रिंगांचा जोर गेला होता. मिलीमीटरला ते कळणार कसं? त्याच्या हातात आल्यापासून त्या स्प्रिंगांवर कुणी बसलंच नव्हतं. चार माणसं एकदा आत बसवली असती तर पाईपाच्या उंचवट्यावर सगळं उघडं पडलं असतं. गिऱ्हाइकासाठी तो आम्हाला हाताला धरून ओढायचा. स्वतःसाठी त्याला "जरा येऊन बसा" एवढं म्हणवलं नाही.

टायर फाटला असता, म्हणून त्यानेच सगळ्यांना उतरवलं आणि टॅक्सी थांबवली. टॅक्सीत चारच माणसं मावतात. तो बॅगा घेऊन मागून आला. एकटा बसला तर गाडी मुळीच घासत नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्या दुकानात डोकावलो. "किती घासतंय?" मी विचारलं.

जो माणूस चहात साखर किती हे सुद्धा मापात सांगायचा, तो म्हणाला, "खूप."

रंगारी लगेच पुढे आला. "कड आत मारून देतो. काही नाही, तासाभराचं काम. एकदाच तर तुझा नियम मोड."

"पत्र्याने काय केलंय?" मिलीमीटर म्हणाला. "त्याला कशाला मारायचं?"

मग रंगाऱ्याने साडूला फोन लावला, जुनी चाकं परत मागायला. साडू तीच गाडी घेऊन बाहेरगावी गेलेला. येतो म्हणाला, शेवटच्या दिवसापर्यंत येतो.

पाहुणे राहिले ते दिवस मी बघत होतो. सकाळी जावई टॅक्सी बोलवायचा. बाग, तळं, बाजार. पहिल्या दिवशी मिलीमीटर त्यांच्या टॅक्सीमागून आपली गाडी घेऊन गेला. विहीणबाई वाटेत दोनदा मागे वळून बघत होत्या म्हणे, हा येतोय ना म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तो मुलीला सांगायला लागला, "तुम्ही जा, मला काम आहे." काम कसलं! दुकान त्याने त्या दिवसांसाठी बंदच ठेवलं होतं. मी भिंतीपलीकडून ऐकत असायचो. एक टायर तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लोळवत न्यायचा, आणि थोड्या वेळाने परत आणायचा.

नातू मात्र त्याच्या मागे-मागे असायचा. "आजोबा, गाडी बरी झाली का?" असं रोज विचारायचा. हा म्हणायचा, "होतेय." मुलगीही वाईट नाही हो. संध्याकाळी आल्या-आल्या बापाच्या शेजारी जिन्यावर बसायची, त्याच्या हाताची नखं बघून "बाबा, किती काळी" म्हणायची. पण दिवस फिरण्यात जातो, आणि संध्याकाळ अशी किती मोठी असते?

साडू आला तो पाहुण्यांच्या निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. सकाळी मी लवकर दुकानात आलो, पोरीला निरोप द्यावा म्हणून. तर मिलीमीटरची गाडी जिन्याशी उभी, धुतलेली, आणि खाली तीच जुनी बारकी चाकं. कुणी उठायच्या आत त्याने चारही चाकं बदलली होती. मोठी चाकं भिंतीला टेकवून ठेवलेली. अंगात इस्त्रीचा शर्ट, एका बाहीला ग्रीसचा डाग, आणि हातात किल्ली. मला बघून तो हसला. हसताना त्याचे वरचे दात दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"आता नाही घासणार," तो म्हणाला.

तेवढ्यात गल्लीत टॅक्सी शिरली.

मुलगी जिन्यावरून बॅग घेऊन उतरत होती. "बाबा, टॅक्सी मी काल रात्रीच सांगून ठेवली. तुम्हाला परत तो सगळा त्रास नको."

"अगं, पण चाकं..." तो म्हणाला.

"राहू द्या हो," विहीणबाई म्हणाल्या. "किती केलंत आमच्यासाठी. आता आराम करा जरा."

जावई बॅगा डिकीत ठेवत होता. मी पुढे झालो. "अगं, त्याने चाकं बदललीत..." एवढं माझ्या तोंडून निघालं, तोच मिलीमीटरने माझा दंड धरला. चांगला घट्ट धरला. डिकी बंद झाली होती. मुलगी त्याच्या गळ्यात पडली, डोळे पुसले, म्हणाली, "पुढच्या वेळी जास्त दिवस येतो, बाबा." नातवाने विचारलं, "आजोबा, गाडी बरी झाली?" तो म्हणाला, "झाली." टॅक्सी उंचवट्यावरून गेली. नातू मागच्या काचेतून हात हलवत होता, तो वळणापर्यंत दिसला.

मला इतका राग आला की काय सांगू. "सांगायला तोंड दुखतं का तुझं?" मी त्याला म्हटलं. "एक वाक्य! चाकं बदललीत, चला, बसा. एवढंच!"

"सामान ठेवून झालं होतं," तो म्हणाला आणि किल्ली खिशात घालून दुकान उघडायला लागला.

मी माझ्या मशीनवर बसलो. धागा तीनदा तुटला. हा माणूस माझा कोण लागतो? कुणी नाही. भिंतीला भिंत आहे एवढंच. पण घरी माझी सात माणसं बाथरूमवरून भांडत असतील हे आठवलं, आणि मी मशीनवरून पाय काढला.

दुपारच्या सुमाराला तो माझ्या दारात आला. हाताला धरलं नाही. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वेळ आहे का? जरा बसायला येतोस?"

"कुणाची गाडी आलीय?" मी विचारलं.

"माझी."

मी कात्री खाली ठेवली. त्याने वहिनींना बोलावलं, रंगाऱ्याला, बॅटरीवाल्याला. पुढे वहिनी बसल्या. सीटवरची पेटी त्याने दुकानातच ठेवली होती. मागे आम्ही तिघं, बॅटरीवाला मधे, म्हणजे मी आणि रंगारी दाराला चिकटलेले. माझ्याच शिवलेल्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो. फोम अजून ताठ होता.

मडगार्डला खडू लावलेला नव्हता. लावायची गरजच नव्हती. कंपनीची मूळची चाकं, मूळचं माप. ती कशाला घासतील? हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं. गाडी उंचवट्यावरून गेली. सवयीने आम्ही तिघांनी दाराच्या कडीला हात घातला, उतरायला. गाडी थांबली नाही. ती मोठ्या रस्त्याला लागली.

"अरे, झाली की ट्रायल," बॅटरीवाला म्हणाला. वहिनींनी मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. मग त्यांनी हळूच सीटचा पट्टा ओढून लावला.

तो स्टेशनच्या रस्त्याने गेला. वाटेतले दोन्ही स्पीडब्रेकर आले आणि गेले. स्टेशनच्या दारात, जिथे माणसं गाडीची वाट बघत उभी राहतात, तिथे त्याने गाडी थांबवली. एक हमाल धावत आला, आत डोकावला, सामान नाही बघून परत गेला. आम्ही पाचही जण समोर बघत बसून राहिलो. कुणी दार उघडलं नाही.

शेवटी बॅटरीवाल्याला राहवलं नाही. "मिलीमीटर," तो हळू आवाजात म्हणाला, "कुठे काही आवाज नाही बघ. चाकं एकदम बरोबर आहेत."

"हो," तो म्हणाला. "सकाळीही बरोबर होती."

मग त्याने गाडी वळवली. परत येताना प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याने ती अगदी हळू घेतली. घासत नव्हतंच काही. मागे माणसं बसली होती, म्हणून.